थेंबावरून अडलेली सोयरीक

साल्किन या नावाचा अर्थ गार वारा. जिनं उभी हयात तापलेल्या तांब्यासमोर घालवली, तिचं नाव गार वारा ठेवणाऱ्या माणसाला एकदा भेटायला पाहिजे, असं एसेनकुल बाइके वरचेवर म्हणायचे, आणि साल्किन एजेला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणायचे. मी त्या दोघांच्या हाताखाली उपकरणं सांभाळायचे. मला दोघंही वडीलधारी, म्हणून ती एजे आणि ते बाइके. संस्थेतले बाकीचे लोक त्यांच्या माघारी त्यांना ‘तवा आणि थेंब’ म्हणत. त्यांतला तवा कोण आणि थेंब कोण, हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवावरून ठरवायचं.

दोघं एकाच वर्गात शिकली होती. बिश्केकला आमच्या संस्थेत लागली तीही एकाच वर्षी. आणि दोघांच्या वाट्याला ठोकळाही एकच आला. तो ठोकळा तांब्याचा, पावाच्या लादीएवढा. त्याच्या पोटात मी केसासारख्या बारीक तारा बसवल्या होत्या. ठोकळा खालून तापवायचा, वरून सुईतून पाण्याचा एक थेंब सोडायचा, आणि थेंबानं त्या जागची उष्णता किती ओढून घेतली ते तारांना जोडलेल्या काट्यावर वाचायचं. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण नांगराचे फाळ कडक करणाऱ्या एका कारखान्याचं सगळं काम त्या आकड्यावर अडून होतं. लाल फाळावर ते पाण्याचा फवारा मारत. आता गंमत अशी, की धातू अमुक एका तापापुढे गेला की पाणी त्याला टेकतच नाही. थेंब स्वतःच्याच वाफेच्या गादीवर बसतो आणि सांडलेल्या पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळत सुटतो. उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो लवकर मरत नाही, आणि धातूही निवत नाही. तो ताप नेमका कोणता, एवढंच कारखान्याला हवं होतं.

साल्किन एजे सांगायची, एकशे नव्वद अंशांना थेंब पळतो. बाइके सांगायचे, दोनशे तीसच्या आधी हलत नाही.

ठोकळा एकच असल्यानं वार वाटून घेतलेले. सोमवार-बुधवार बाइक्यांचे, मंगळवार-गुरुवार एजेचे, आणि शुक्रवार भांडणाचा. शुक्रवारी दोघं समोरासमोर बसायची. सुरुवात अरे-तुरेनं व्हायची. राग चढायला लागला की अहो-जाहो यायचं, आणि पुरता चढला की बापाच्या नावासकट. ‘साल्किन इमानालियेव्ना, आपण म्हणता ते शिरोधार्य’ असं बाइके म्हणाले की मी काचेची भांडी उचलून कपाटात ठेवायचे.

एक दोनदा मी सुचवून पाहिलं, की दोघांनी वार बदलून घ्यावेत. दोघांनाही ते लागलं. बाइके म्हणाले, म्हणजे माझ्या सोमवारात खोट आहे असं तुझं म्हणणं. एजेनं त्या दिवशी माझ्याबरोबर चहासुद्धा घेतला नाही. एकदा मात्र बाइके चूक पकडायची म्हणून मुद्दाम मंगळवारी एजेच्या मागे येऊन उभे राहिले. थेंब एकशे नव्वदलाच पळाला. बाइक्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि निष्कर्ष काढला, की तू त्याला घाबरवतेस.

या भांडणातून एक चांगलं काम मात्र झालं. एका परिषदेत दोघांची अशी काही जुंपली, की सभागृह रिकामं झालं, दिवे मालवायला माणूस आला, तरी संपेना. बाहेर व्हरांड्यात बाइक्यांचा मुलगा तिलेक बापाला घरी न्यायला आला होता आणि एजेची मुलगी जीबेक आईला. आत भांडण लांबत गेलं, तसतसं बाहेर बोलणं वाढत गेलं. पुढच्या परिषदेला दोघंही न सांगता हजर. वर्ष पुरं व्हायच्या आत तिलेकनं घरी सांगितलं, की लग्न करीन तर जीबेकशी.

ताजिगुलला, म्हणजे बाइक्यांच्या बायकोला, मुलगी पहिल्यापासून पसंत होती. तिनं नवऱ्याला विचारलं, तुमची हरकत काय. बाइके म्हणाले, मुलीबद्दल हरकत नाही, मुलगी गुणाची आहे, पण ज्या घरात एकशे नव्वद मानतात त्या घरात वरात न्यायची कशी. ताजिगुलनं ते कितपत ऐकून घेतलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी ती स्वतः साल्किन एजेकडे गेली आणि दोन्ही घरांत एक अट घालून आली. मुलीच्या कानात डुलं घालून सोयरीक पक्की करायच्या दिवशी ‘थेंब’ हा शब्द जो उच्चारील, त्यानं दस्तरखानावरून, भरल्या पंगतीतून, उठून जायचं. तिथं व्याही-विहीण हे नातं चालेल, शास्त्रज्ञ हे नातं चालणार नाही. दोघांनी कबूल केलं. एजेच्या नवऱ्यानंही केलं. ते मामबेत बाइके ट्रॉलीबस चालवायचे आणि मुळातच दिवसाकाठी चार शब्द बोलायचे, त्यामुळे त्यांना अट जड गेली नाही.

तो रविवार आला. शहराच्या कडेला एजेचं घर, अंगणात जर्दाळूचं झाड, झाडाखाली चूल. त्या चुलीवर अर्ध्या भागात कढई आणि अर्ध्या भागात जाड लोखंडी पत्रा, त्यावर किटली. मी मुलीकडची म्हणून सकाळपासून तिथंच होते. एजेची बहीण कणकेचे चौकोन तेलात सोडत होती आणि फुगलेल्या बोर्सोकांचा ढीग लागत होता. पत्रा सकाळी एजेनं स्वतः वाळूनं घासून लखलखीत केला होता.

मुलाकडचे मिनीबस भरून आले. सगळ्यांत पुढे बाइक्यांची आत्या, कालिपा अपा. पांढरा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, हातात काठी, आणि चालायला काठीची गरज नाही. मागे ताजिगुल, छातीशी डुलांची डबी धरून. बाइक्यांनी नवा कोट घातला होता आणि बायकोनं पढवलेलं हसू तोंडावर होतं. एजेनं पुढे होऊन म्हटलं, या व्याही, उशीर केलात. बाइके म्हणाले, विहीणबाई, तुमच्या रस्त्याला खड्डे फार. सगळे हसले. ताजिगुलनं सुटकेचा निःश्वास टाकला तो मला ऐकू आला.

आत जायच्या आधी पाहुण्यांनी अंगणात चुलीपाशी जरा हात शेकले. दिवस गारठ्याचे होते. तेवढ्यात किटलीच्या नळीतून एक थेंब पत्र्यावर पडला.

तो चरचरला नाही. वाटाण्यासारखा गोल झाला, पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला आणि कडेवरून खाली राखेत पडला.

बाइक्यांनी एजेकडे पाहिलं. एजेनं बाइक्यांकडे पाहिलं. ताजिगुलनं दोघांकडे पाहिलं.

“हवा छान आहे,” बाइके म्हणाले.

“हो ना,” एजे म्हणाली. पण तिची नजर पत्र्यावरून हलली नव्हती. थोड्या वेळानं ती अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाली, की सकाळी चूल पेटवली तेव्हा याच पत्र्यावर पाणी शिंपडलं होतं, याच आचेवर, आणि ते सगळं जागच्या जागी उडालं होतं.

बाइके म्हणाले, आच तेव्हा कमी असेल. एजे म्हणाली, आचेतलं मला कळतं. बाइके म्हणाले, ते तर सबंध संस्थेला माहीत आहे. एजे म्हणाली, आपला रोख माझ्या ध्यानात आला, एसेनकुल ओमुरोविच.

बापाचं नाव आलं म्हणताच मी सवयीनं पेले उचलायला लागले.

ताजिगुल म्हणाली, “शब्द दिलाय तुम्ही दोघांनी.”

“तो शब्द मी अजून उच्चारलेला नाही,” बाइके म्हणाले आणि किटली उचलून पत्र्यावर मुद्दाम आणखी पाणी टाकलं. झाडून सगळे थेंब पळाले. मग ते खाली वाकले, डोळे पत्र्याशी नेऊन बघायला लागले. शेजारी तेल उकळत होतं, धूर आणि वाफ सरळ तोंडावर. त्यांचा चष्मा धुरकटला. त्यांनी किटलीतलं जरा पाणी काचेवर शिंपडलं आणि रुमालानं पुसायला घेतलं, पण पाणी काचेवर पसरेना. त्याचे बारीक बारीक मणी झाले आणि चष्मा हलला की इकडून तिकडे घरंगळायला लागले. बाइके करवादून चष्मा पुन्हा नाकावर चढवतात, तोच एजेनं हात पुढे केला आणि तो त्यांच्या तोंडावरून काढून घेतला.

आमच्याकडे विहिणीनं व्याह्याच्या अंगाला हात लावणं सोडा, त्याच्या टोपीकडे बघतानासुद्धा जपून बघतात. मुलाकडच्या दोन बायकांनी तोंडाला हात लावला. कालिपा अपाची काठी जमिनीवरून उचलली गेली.

एजेला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिनं चष्मा उजेडाकडे धरला, काचेवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग ती आली ती थेट अरे-तुरेवर.

“एसेनकुल, आपलं कँटीन बोर्सोक कधी तळतं रे?”

बाइके चष्म्याविना डोळे बारीक करून उभे. क्षणभर त्यांना काही कळलं नाही. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त निघाल्यावर होतो.

“मंगळवारी,” ते म्हणाले. “आणि गुरुवारी.”

कँटीन आमच्या खोलीच्या बरोबर खाली होतं. तिथला धूर ज्या धुराड्यातून वर जायचा, त्याची एक झडप आमच्या खोलीत उघडायची आणि ती धड कधीच बसायची नाही. ठोकळा रोज सकाळी स्पिरिटनं पुसला जायचा, पण मग तो तापेपर्यंत तासन्‌तास उघडा असायचा. मंगळवार-गुरुवार त्याच्यावर तेलाची वाफ बसत राहायची, दिसणारही नाही इतकी पातळ. तेलकट धातूला पाणी चिकटत नाही. चिकटत नाही म्हणून थेंब लवकर सुटतो आणि कमी तापात पळायला लागतो. इतक्या वर्षांत आम्ही पाणी बदललं, सुया बदलल्या, मी तारा पुन्हा पुन्हा बसवल्या, पण जेवणाचा वास रोज येत असूनही तो ठोकळ्यालाही येत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

“आत्ताच बघायला पाहिजे,” एजे म्हणाली.

बाइके म्हणाले, आज रविवार, कँटीन बंद. एजेनं बहिणीकडे बघितलं. उरलेली कणीक परातीत तयार होती. एजेनं फडक्यानं धरून कढई चुलीवरून उतरवली.

इथं जीबेक घरातून बाहेर आली. नवा लाल पोशाख, केस वर बांधलेले, कान डुलांसाठी उघडे ठेवलेले. तिनं आईच्या हातात कढई बघितली आणि तिला सगळं समजलं. ती रडली नाही, ओरडली नाही. दातांची डॉक्टर आहे ती, हट्टी माणसं रोज बघते. तिनं एवढंच विचारलं, की किती वेळ लागेल.

ताजिगुलचा मात्र बांध फुटला. ती म्हणाली, की मी या माणसाबरोबर संसार केला, थेंबाबरोबर नाही. मुलाच्या बारशाला हा उशिरा आला, थेंब. माझ्या आईच्या साठीला आला नाही, थेंब. आज तरी मला विहीण म्हणून बसू द्या. बाइके जागच्या जागी उभे राहिले आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, मोडली सोयरीक.

तोंड उघडलं ते मामबेत बाइक्यांनी. ते म्हणाले, “मिनीबसला जागा आहे.”

सगळ्यांनी कालिपा अपाकडे पाहिलं. अपानं काठी टेकवून थोडा विचार केला. मग म्हणाली, यजमानीण घरात नसेल तर दस्तरखानावर बसणं हा अपमान. पण यजमानीण जिथं जाईल तिथं पाहुणे गेले, तर तो मान झाला. डुलं मुलीच्या कानात घालायची असतात, घराच्या भिंतीला नाही. आणि बोर्सोक बरोबर घ्या, मला भूक लागली आहे.

तर असे आम्ही निघालो. मिनीबसमध्ये पुढे अपा, मागे कढई, परात, तेलाचा डबा, घोड्याच्या मांसाच्या कझीचं ताट झाकून, नवरी, नवरा, आणि मध्ये दोन शास्त्रज्ञ गुडघ्याला गुडघा लावून झडपेचं माप आठवत बसलेले. ताजिगुल खिडकीकडे तोंड करून होती. संस्थेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, काय आहे. मी म्हटलं, प्रयोग. त्यानं लाल पोशाखातली नवरी बघितली, कढई बघितली, एक बोर्सोक घेतला आणि फाटक उघडलं.

एजेच्या बहिणीला कँटीनच्या चुलीपाशी बसवलं. वर खोलीत मी ठोकळा स्पिरिटनं पुसला आणि तापवायला लावला. झडपेची फट बुजवायला काही हवं होतं, तर बाइक्यांनी इकडे तिकडे बघून नवा कोट काढला आणि कोंबला. ताजिगुल बघत होती. पाहुणे भिंतीला लागून स्टुलांवर बसले. अपाला खुर्ची दिली. ठोकळा दोनशेवर आणून धरला आणि एजेनं सुईतून थेंब सोडला. तो चर्रकन वाजला आणि काटा जोरात हलला, म्हणजे थेंबानं पोटभर उष्णता ओढली. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. एजेच्या हाताखाली, बाइक्यांचा आकडा.

मग कोट काढला आणि खाली निरोप दिला, तळा. धुराड्यातून खमंग वास येत राहिला. सगळे वाट बघत बसले. अपानं वेळ जावा म्हणून जीबेककडून आपली दाढ तपासून घेतली. पुरेसा वेळ गेल्यावर बाइक्यांनी, त्याच दोनशेवर, स्वतःच्या हातानं थेंब सोडला.

थेंब गोल झाला आणि पळाला. काटा नुसता शहारल्यासारखा झाला आणि परत जागेवर.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण पळणारा थेंब दिसायला फार देखणा असतो. बाइक्यांच्या तोंडावर हसू फुटलं आणि लगेच विझलं, कारण एजे टाळ्या वाजवत नव्हती. ती ठोकळ्यासमोरच्या स्टुलावर बसली होती आणि हात मांडीवर होते. तिचे सगळे मंगळवार आणि सगळे गुरुवार तेलात गेले होते. इतकी वर्षं बाइके बरोबर होते आणि ती चूक होती, आणि हे सिद्ध करणारा प्रयोग तिनंच धावत-पळत मांडला होता, स्वतःच्या मुलीचा समारंभ सोडून.

बाइक्यांनी या घटकेची किती वर्षं वाट पाहिली होती हे मला माहीत आहे. ती जिंकायची घटका आल्यावर काय बोलायचं, तेही त्यांनी शुक्रवारी अनेकदा ऐकवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले,

“साल्किन, कारखान्यात फाळ भट्टीतून निघाल्यावर स्पिरिटनं कोण पुसतं गं?”

एजे सुई पुसायला लागली.

“तिथं सगळीकडे वंगण,” बाइके म्हणाले. “भिंतींना वंगण, हवेत वंगण. माझा आकडा स्वच्छ तांब्याचा आहे. असलं तांबं जगात या खोलीत सोमवारी आणि बुधवारी सापडतं. त्यांना तुझा आकडा लागेल.”

“माझ्यावर दया दाखवू नका, एसेनकुल ओमुरोविच.”

“दया नाही. खरंच सांगतोय. मला वाईट वाटतंय ते त्याचंच.”

एजेला हसू आलं. आधी खांदे हलले, मग ती डोळे पुसत हसायला लागली. ते डोळे हसून ओले झाले होते की आधीचेच, हे मी विचारलं नाही. ती उठली, तेलकट हात पोशाखालाच पुसले आणि ताजिगुलसमोर जाऊन उभी राहिली.

“विहीणबाई,” ती म्हणाली, “मी तुमचा दिवस नासवला. आता मुलगी तुमची. घाला.”

ताजिगुलनं तिच्या तेलकट पोशाखाकडे पाहिलं. मग डबी उघडली. ठोकळा अजून तापलेलाच होता, खोलीत ऊब होती, बोर्सोकांचा वास भरला होता. ताजिगुलनं जीबेकच्या दोन्ही कानांत डुलं घातली, पांढरा रुमाल डोक्यावर टाकला आणि कपाळाचं चुंबन घेतलं. अपानं तळवे पुढे धरून आशीर्वाद दिला, घर भरलेलं राहो, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. तिलेक तोवर माझ्या काचकपाटाशी उभा होता. मामबेत बाइक्यांनी त्याला खांद्याला धरून मुलीशेजारी आणून उभं केलं. बोलले नाहीत, त्यांचे त्या दिवसाचे शब्द बहुधा संपले होते.

जेवण तिथंच झालं. मोजमापाच्या टेबलावर कापड अंथरलं आणि कझी कापली. दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसली, कारण जागाच तेवढी होती. ताजिगुल पहिल्यांदाच या खोलीत आली होती. चहा घेताना तिनं ठोकळ्याकडे बोट दाखवून मला हळूच विचारलं, की एवढासाच आहे का हा. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मला वाटायचं, काहीतरी मोठं असेल.

नंतर दोघांनी मिळून निबंध लिहिला. स्वच्छ धातूचा एक आकडा, तेलकट धातूचा दुसरा, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या. कारखान्यानं एजेचा आकडा घेतला आणि फवारे बदलले. निबंधावर आधी कुणाचं नाव घालायचं यावरून वसंतापर्यंत भांडण चाललं. लग्नाच्या मांडवात दोघं शेजारी शेजारी बसली होती, व्याही आणि विहीण म्हणून, आणि मी पुलावाचं ताट घेऊन पलीकडून चालले होते, तेव्हा बाइक्यांचा आवाज ऐकू आला.

“आपण म्हणता तर आपलंच नाव आधी घालू, साल्किन इमानालियेव्ना.”

मी ताट दुसऱ्या टेबलावर नेलं.